लो बीपीच्या गोळ्या बंद केल्यावर माझ्या बीपीचं काय काय झालं

हाय बीपीची गोळी मधेच सोडली की बीपी उसळतं हे घराघरात माहितीय, आमच्या मामांची म्हणजे सासऱ्यांची गोळी एक दिवस जरी चुकली तरी सगळं घर त्यांच्या मागं लागतं. पण लो बीपीची गोळी बंद केल्यावर काय होतं, बीपी परत खाली जातं का, किती दिवसांनी जातं, तिथंच राहतं का वर येतं, हे सांगणारं मला कुणी भेटलं नाही. मी जवळपास वर्षभर लो बीपीच्या दोन गोळ्या घेत होते अन् मग डॉक्टरांनी त्या हळूहळू काढल्या. त्या सगळ्या काळातले आकडे वहीत लिहून ठेवलेत म्हणून सविस्तर लिहितेय, कुणी यातून जात असेल तर त्याला काय अपेक्षा ठेवायची ते तरी कळेल.

आधी मला नेमकं काय होतं ते सांगते कारण लो बीपी म्हटलं की लोकांना वाटतं आकडा शंभरच्या खाली म्हणजे आजार. तसं नसतं. माझ्या धाकट्या बहिणीचं बीपी कॉलेजपासून ९५/६० आहे अन् ती दिवसभर टाॅवेलच्या कारखान्यात चेकिंगला उभी असते, तिला काही त्रास नाही अन् गोळीही नाही. माझं झोपल्यावर ११२/७० यायचं, एकदम छान, पण उभं राहिलं की तीन मिनिटांत ८२/५४. याला ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन म्हणतात, उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं पडला तर ते धरतात. आपण उभं राहिलो की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटात अन् पायात उतरतं, तेव्हा मानेतल्या अन् हृदयाजवळच्या रक्तवाहिन्यांतले सेन्सर मेंदूला कळवतात अन् मेंदू शिरा आवळायला सांगतो, ठोके वाढवतो. हे सगळं काही सेकंदात होतं म्हणून आपल्याला कळतही नाही. माझ्यात ते नीट होत नव्हतं. मी शिक्षिका आहे, सकाळच्या परिपाठाला स्थिर उभं राहायचं म्हणजे माझी रोजची परीक्षा, प्रार्थना संपेपर्यंत डोळ्यापुढं अंधारी, मानेच्या मागं दोन्ही खांद्यांपर्यंत ओढ लागायची, एकदा तर व्हरांड्यात खाली बसले तेव्हा मुलीच पाणी घेऊन धावत आल्या.

कारण शोधताना दोन गोष्टी सापडल्या. डेंग्यूनंतर मी खूप दिवस अंथरुणात होते, वजन उतरलं होतं, पायाचे स्नायू गेले होते. अन् बी-ट्वेल्व्ह व्हिटॅमिन दीडशेच्याही खाली, आमचं घर पूर्ण शाकाहारी. बी-ट्वेल्व्ह फार कमी झालं की नसांवर म्हणजे मज्जातंतूंवर परिणाम होतो अन् बीपी सांभाळणाऱ्या नसाही त्यात येतात. सकाळी आठचं कॉर्टिसोलही तपासलं होतं, ते नॉर्मल आलं, म्हणजे अॅड्रिनल ग्रंथी व्यवस्थित. ही टेस्ट मला तेव्हा जास्तीची वाटली होती पण गोळी बंद करायच्या वेळी तिचं महत्त्व कळलं, कारण ज्यांना अॅडिसन नावाचा आजार असतो, म्हणजे अॅड्रिनल ग्रंथीच नीट काम करत नाही, त्यांना मी घेत होते त्यातलीच एक गोळी, फ्लुड्रोकॉर्टिसोन, आयुष्यभर लागते, ती त्यांनी बंद केली तर जीवावर बेतू शकतं. त्यामुळं माझं वाचून कुणी आपली गोळी थांबवू नका, गोळी एकच असली तरी प्रत्येकाचं कारण वेगळं असतं.

जास्त मीठ, भरपूर पाणी, पोटाला घट्ट पट्टा हे सगळं करून भागेना तेव्हा गोळ्या सुरू झाल्या. पहिली फ्लुड्रोकॉर्टिसोन, शंभर मायक्रोग्रॅम, रोज सकाळी एक. ही किडनीला मीठ धरून ठेवायला लावते, मिठाबरोबर पाणी राहतं, अन् त्या बदल्यात पोटॅशियम बाहेर जातं. दुसरी मिडोड्रिन, ती शिरा आवळते, ती दिवसातून तीनदा, माझी वेळ आठ, बारा अन् चार. चारच्या पुढं नाही कारण तिचा असर अंगात असताना आडवं झालं तर झोपल्यावरचं बीपी चढतं, म्हणून शेवटच्या गोळीनंतर चार तास तरी आडवं व्हायचं नाही. मिडोड्रिन घेतल्यावर अर्ध्या पाऊण तासात माझ्या अंगावर काटा यायचा अन् डोक्याची कातडी झिणझिण करायची, डोक्यात मुंग्या फिरल्यागत. डॉक्टर म्हणाले गोळी काम करतीय त्याची खूण आहे ती. पण त्या गोळ्यांनी मला उभं केलं हे खरं, उभ्याचं बीपी १०४/६८ पर्यंत आलं, मी परत फळ्यासमोर उभी राहून शिकवायला लागले, त्या गोळ्यांचे उपकार मी विसरणार नाही.

मग बंद का केल्या? कारण झोपल्यावरचं बीपी वाढायला लागलं. रात्री झोपायच्या वेळी १४८/८८, कधी त्याच्याही वर. संध्याकाळी घोट्यापाशी सूज, बोट दाबलं की खड्डा राहायचा. अन् पोटॅशियम ३.२ आलं, ते साडेतीन ते पाचच्या मधे पाहिजे. बी-ट्वेल्व्ह तोपर्यंत इंजेक्शनांनी चांगलं वर आलेलं, वजन भरलेलं, मी रोज कंबर तलावाच्या बाजूला चालायला जात होते. डॉक्टर म्हणाले, ताई, ज्या कारणासाठी गोळ्या दिल्या होत्या ते बरंचसं गेलंय, आता गोळीचा फायदा कमी अन् भुर्दंड जास्त होतोय, काढून बघू. अन् त्यांनी मुद्दाम दिवाळीनंतरचा काळ निवडला. उन्हाळ्यात अंगातल्या शिरा सैलावतात, घाम जातो, मीठ जातं, सोलापूरच्या उन्हात तर धडधाकट माणसाचंही बीपी उतरतं, तेव्हा काढलं असतं तर गोळीमुळं पडलं का उन्हामुळं पडलं ते कळलंच नसतं.

घरात मात्र याला कुणाचा पाठिंबा नव्हता. आत्या म्हणजे सासूबाई म्हणाल्या, "चांगलं चाललंय तर कशाला हात लावायचा, शाळेत पडलीस तर पोरंबाळं कुणी बघायची?" मी म्हटलं, "आत्या, पायाची सूज बघा की, हे पण चांगलं नाहीच ना." मामा गप्प ऐकत होते, त्यांनी फक्त त्यांचं बीपी मशीन माझ्या खोलीत आणून ठेवलं अन् म्हणाले, "रोज लिहीत जा, तोंडी काही सांगू नको डॉक्टरला."

मोजायची पद्धत डॉक्टरांनी नर्सबाईंकडून करून दाखवली होती अन् माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट तीच. सकाळी उठल्यावर लघवीला जाऊन यायचं, परत पाच मिनिटं आडवं पडायचं, चहाच्या आधी, बोलायचं नाही, अन् पहिलं माप घ्यायचं. मग उभं राहायचं, एका मिनिटाला एक माप अन् तीन मिनिटांना एक. उभं असताना हात खाली लोंबकळत ठेवायचा नाही, हात हृदयाच्या खाली गेला की आकडा खोटा जास्त येतो, म्हणून मी लोखंडी कपाटाच्या मधल्या कप्प्यावर छातीच्या उंचीला हात टेकवायचे. प्रत्येक मापाबरोबर ठोके पण लिहायचे. अन् सकाळचं वजन. वजन कशाला हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

पहिल्यांदा मिडोड्रिन काढली, आधी चारची, मग बाराची, शेवटी आठची, प्रत्येक टप्प्याला थोडे दिवस थांबून. या गोळीचा असर काही तासांचाच असतो, अंगात साठून राहत नाही, त्यामुळं जी गोळी काढली त्या वेळचं बीपी त्याच दिवशी खाली आलं, वाट बघावीच लागली नाही. चारची काढली तेव्हा संध्याकाळी स्वयंपाकाला उभं राहिलं की हलकं हलकं वाटायचं, उभ्याचं बीपी ९६-९८ वर आलं. पण त्याच रात्री झोपल्यावरचं १३८ वर उतरलं, अन् ते बघून मला इतकं बरं वाटलं. बाराची गेली अन् दुपारची झोप परत मिळाली, वर्षभर सुट्टीच्या दिवशीसुद्धा दुपारी आडवं व्हायची चोरी होती. सगळ्यात अवघड गेली सकाळची. लो बीपीवाल्यांचं सकाळी उठल्यावरचं बीपी सगळ्यात वाईट असतं कारण रात्रभरात लघवीवाटे पाणी गेलेलं असतं. त्यात आमच्या भागात चार-पाच दिवसांनी पाणी येतं अन् यायची वेळ पहाटेची, नळाला पाणी आलं की अख्खी गल्ली ताडकन उठते, वाकून बादल्या भरा, उचला, परत वाका. वाकून उठणं हे माझ्यासाठी सगळ्यात वाईट. त्या दिवसांत यांनी अन् पोरानं पाणी भरलं, मी फक्त पाइप धरून स्टुलावर बसायचे. उठायच्या आधी अंथरुणातच दोन ग्लास पाणी, हे तर मी आजही सोडलेलं नाही. अर्धा लिटर पाणी भरभर प्यायलं की ज्यांच्या या नसा कमजोर आहेत त्यांचं बीपी पाच-दहा मिनिटांत वर येतं, अर्ध्या तासाच्या आसपास सगळ्यात जास्त असतं अन् मग उतरतं. मी हे मशीन लावून बघितलंय, माझं उभ्याचं ९२ वरून १०६ ला आलं होतं.

मिडोड्रिन गेल्यावर थोडे दिवस सगळं स्थिर राहू दिलं अन् मग फ्लुड्रोला हात लावला. अर्धी गोळी, मग एक दिवसाआड अर्धी, मग बंद. अन् इथं बऱ्याच जणांची फसगत होईल म्हणून जरा सविस्तर लिहिते. बंद केल्यावर पहिले चार-सहा दिवस काहीच झालं नाही. उभ्याचं ९८/६६, ठोके नेहमीचे, मी खूश, आत्यापण म्हणाल्या बाई गोळी उगाचच खात होतीस. पण डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की ही गोळी सुरू केल्यावर जशी लगेच दिसली नव्हती तशी जातानाही लगेच दिसणार नाही. रानाला पाणी द्यायचं थांबवलं तरी काळ्या मातीत ओल काही दिवस टिकून असते तसं ते आहे. अंगात साठवलेलं मीठ-पाणी हळूहळू बाहेर जातं. अन् खरंच, दुसऱ्या आठवड्यात आकडे घसरायला लागले. लघवी वाढली, रात्री उठायला लागले, घोट्याची सूज ओसरली, वजन दीड किलोच्या आसपास कमी झालं अन् तेव्हा मला कळलं डॉक्टर रोज वजन का लिहायला लावत होते, ते पाणी होतं. उभ्याचं बीपी ८८/५८, आडवं ११६/७२, अन् उभं राहिल्यावर ठोके ७८ वरून ९६ वर.

हा काळ मनानं फार अवघड होता. आकडा बघितला की पोटात गोळा यायचा, वाटायचं की संपलं, परत गोळी. वही घेऊन गेले. डॉक्टरांनी ठोक्यांच्या रकान्यावर बोट ठेवलं अन् म्हणाले हे बघा, आजारी होता तेव्हा बीपी ८२ पर्यंत पडत होतं अन् ठोके जेमतेम चार-पाचनं वाढायचे, म्हणजे शरीराला खबरच लागत नव्हती. आता बीपी पडतंय तेव्हा ठोके अठरानं वाढतायत, म्हणजे नसा काम करायला लागल्यात, अंगातलं पाणी कमी झालंय एवढंच आहे, ते शरीर स्वतः भरून काढेल, किडनीला तेवढा वेळ द्या. ते असंही म्हणाले की उभ्याचा वरचा आकडा ८० च्या खाली गेला, चक्कर येऊन पडायला झालं किंवा छातीत दुखलं तर आकड्यांची वाट न बघता लगेच यायचं. ज्याचं बीपी गोळी काढल्यावर पडतं अन् पडलेलंच राहतं, त्रासही परत येतो, त्याला गोळी परत सुरू करावी लागते अन् त्यात काही कमीपणा नाही. आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या वडिलांना पार्किन्सन आहे, त्यांच्या नसांचा आजारच पुढं पुढं जाणारा, त्यांची गोळी काढून चालणार नाही. बरीच वर्षं शुगर असलेल्यांचंही तसंच असतं. माझं कारण भरून येणारं होतं म्हणून मला ही संधी मिळाली.

त्या आठवड्यांत जेवणावर बारीक लक्ष ठेवलं. जेवल्यावर रक्त पोटाकडं जातं अन् लो बीपीवाल्यांचं बीपी अर्धा तास ते दोन तास आणखी उतरतं, भात भाकरी गोड जास्त झालं तर जास्तच. भोगीच्या दिवशी तिळाची बाजरीची भाकरी, लोणी, भोगीची भाजी असं पोटभर जेवण झालं अन् तासाभरानं उभ्याचं ८६ आलं. मग थोडं थोडं करून जेवायला लागले, दोन वेळच्या ऐवजी चार वेळा. मीठ डॉक्टरांनी चालू ठेवायला सांगितलं होतं. घरात मामांचं मीठ कमी अन् माझं जास्त म्हणजे स्वयंपाक सगळ्यांचा कमी मिठाचा अन् माझ्या ताटात वरून शेंगाचटणी, कडक भाकरी दह्यात कुस्करून त्यावर मीठ, ताक. ओळखीतल्या बायका मनुके भिजवून खा, कॉफी पी, असं प्रेमानं सांगायच्या, त्यातलं कॉफीनं थोडा वेळ उभारी येते पण मला रात्री झोप लागायची नाही म्हणून सोडली.

भोगीलाच आमच्या सोलापूरच्या ग्रामदैवताचा, सिद्धेश्वरांचा अक्षता सोहळा म्हणजे प्रतीकात्मक लग्न असतं, संमती कट्ट्यापाशी लाखाच्या गर्दीत तासन् तास उभं राहणं. लहानपणापासून एकही वर्ष चुकवलं नव्हतं, आजारातलं एक सोडून. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले जा, पण पोटाचा पट्टा बांधून जा अन् स्थिर उभ्या राहू नका. पोटाचा घट्ट पट्टा गुडघ्यापर्यंतच्या मोज्यांपेक्षा मला जास्त उपयोगी पडला, कारण उभं राहिल्यावर बरंच रक्त पोटातच साठतं. उभं असताना मी पायाची अढी घालून मांड्या आवळायचे, टाचा वर खाली करायचे, मुठी घट्ट धरायचे, यानं पायातलं रक्त वर ढकललं जातं अन् बीपी तिथल्या तिथं वर येतं. नंदीध्वज म्हणजे यात्रेतल्या मानाच्या उंच काठ्या आल्या, अक्षता पडल्या, मी शेवटपर्यंत उभी होते, एकदाही खाली बसले नाही. घरी येऊन माप घेतलं, ९४/६४. माझ्या डोळ्यात पाणी आलं, आत्यांच्यासुद्धा.

त्यानंतर आकडे हळूहळू चढत गेले. रोज थोडे चढले असं मुळीच झालं नाही, दोन दिवस ९६, मग एकदम ९०, मग १००, पाळीच्या दिवसांत परत खाली. एकेक दिवसाचा आकडा बघत बसलं तर वेड लागायची पाळी येते, म्हणून मी आठवड्याची सरासरी काढायला लागले अन् त्यात चढ स्पष्ट दिसायला लागला. फेब्रुवारीपर्यंत उभ्याचं ९८-१०० च्या आसपास टिकलं अन् आडवं ११६-११८. म्हणजे झोपल्यापासून उभं राहीपर्यंतचा फरक १८. गोळ्या चालू असताना उभ्याचं १०४ यायचं पण आडवं १४८, म्हणजे फरक ४४. लोक नुसतं उभ्याचं बघतात अन् म्हणतात १०४ चं १०० झालं, गोळी होती तेच बरं होतं. पण माझ्या हृदयाला अन् किडनीला रात्रभर जो दाब सोसावा लागत होता तो गेला ना. पोटॅशियम ४.१ आलं, गोळीशिवाय.

खरी कसोटी एप्रिल-मे. पारा ४२-४३, शाळा सकाळची, पण घरी यायच्या वेळी ऊन टाळूवर. उभ्याचं ९४ वर आलं, दोनदा ९० आलं. तेव्हा डॉक्टरांनी पाणी वाढवलं, दिवसाला अडीच-तीन लिटर, ताकात मीठ, अन् गरम पाण्यानं अंघोळ बंद, कोमट पाण्यानं अन् बसून करायची, कारण गरम पाण्यानं शिरा सैल होतात. पट्टा त्या उकाड्यात दिवसभर बांधवत नाही, घामोळं उठतं, म्हणून फक्त शाळेच्या वेळेत. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवल्यात, डोकं चार-सहा इंच वर राहतं, त्यानं रात्री लघवीवाटे पाणी कमी जातं अन् सकाळचं बीपी बरं येतं. विटा गोळ्या चालू असताना रात्रीच्या हाय बीपीसाठी ठेवल्या होत्या, त्या आता सकाळच्या लो बीपीला उपयोगी पडतायत. पूर्ण उन्हाळ्यात डोळ्यापुढं अंधारी अशी आली नाही, दोनतीनदा हलकं वाटलं तेव्हा खाली बसले, पाणी प्यायले, बरं वाटलं.

आता पाऊस सुरू झालाय अन् माप आठवड्यातून दोनदाच घ्यायला सांगितलंय, एकदा सकाळी, एकदा जेवल्यावर. बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन चालूच राहणार, ते बंद करायचं नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय कारण ते उतरलं तर नसांचं दुखणं परत मागं लागेल. पुढच्या महिन्यात सोडियम पोटॅशियम परत करायचंय, ते नीट आलं अन् आडवं बीपी १२० च्या आत राहिलं तर माझ्या ताटातलं वरचं मीठ काढून मामांच्या अन् माझ्या भाजीला एकच मीठ करायचं ठरलंय, मामा त्याची माझ्यापेक्षा जास्त वाट बघतायत.